तीन वेळा वाजवलेली घंटा

चहा हातात घेऊन बसा. पुढचा प्रसंग ऐकताना तोंडात घोट असलेला बरा, म्हणजे तुमच्या तोंडून अधिक-उणं काही निघणार नाही. ज्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ज्याने आमच्या पार्सिपनीच्या मंडळात वर्षानुवर्षं मद्यपानाविरुद्ध निरूपणं केली, ज्याच्या भीतीने लोक आपल्या घरच्या बाटल्या कपाटात दडवतात, त्या माणसाने एका रविवारी भर दुपारी एका अख्ख्या दारूच्या दुकानाला पाजली. एकदा नव्हे, तीनदा.

तो माणूस मी. हसून घ्या. मी थांबतो.

झालं होतं असं. आमची नात मुक्ता इथेच, अमेरिकेत जन्मली, इथेच वाढली. मराठी कळतं, बोलते अर्धं. तिने ब्रेंडन नावाच्या आयरिश मुलाशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा इंजिनियर, शांत, मोठ्यांपुढे उभा राहून बोलणारा. माझा मुलगा आणि सून, म्हणजे तिचे आईवडील, राजी झाले. आमची ही तर पहिल्याच भेटीत त्याला पुरणपोळी वाढून मोकळी झाली. अडलं होतं माझ्यापाशी.

कारण त्याच्या आजोबांचा पब होता.

"आजोबा, तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी डेट फिक्स करणार नाही," मुक्ता म्हणाली. "पण एकदा या. मार्टिन ग्रँडपा गुडघ्यामुळे कुठे जात नाहीत. एक तास. आणि प्लीज, लेक्चर नको."

"मी लेक्चर देत नाही. निरूपण करतो."

"ते पण नको."

आता तुम्हीच सांगा, ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नामस्मरण चाललं, तिथली मुलगी मद्यविक्रेत्याच्या घरी द्यायची? मी मनाशी पक्कं केलं की जायचं, जागा डोळ्यांनी पाहायची, आणि सौम्य शब्दांत नकार द्यायचा. सौम्य शब्द आदल्या दिवशीच तयार केले होते. चांगले जमले होते.

रविवारी सकाळी मंदिरातलं भजन आटोपलं आणि मुक्ता मला तिथूनच गाडीत घालून निघाली. टाळ पिशवीत तसेच. बर्फ पडलेलं होतं, म्हणून तिने मला अगदी दारात उतरवलं. "तुम्ही आत जा आजोबा, थंडी आहे. ब्रेंडन मागे पार्किंगमधलं बर्फ उपसतोय, मी गाडी लावून त्याला घेऊन येते."

ते दोघं मागच्या बाजूला आणि मी एकटा पुढच्या दारातून आत. सगळा अनर्थ या एका वाक्यात आहे, एवढं लक्षात ठेवा.

आत पाऊल टाकलं आणि उबेने चष्म्यावर दाट वाफ धरली. वाचायचं काही असतं तर दिसलं नसतं. पण जे धूसर दिसलं त्याने मी चकित झालो. माझ्या कल्पनेत लाल-निळे दिवे, कर्कश संगीत आणि टेबलाखाली लोळणारी माणसं होती. इथे तर छत ठेंगणं, भिंती गडद लाकडाच्या, खिडक्यांना रंगीत काच, आणि तिच्यातून जमिनीवर सांडलेला मधाळ उजेड. कोपऱ्यात शेकोटी. मी आयुष्यभर इमारती बांधल्या. चांगलं सुतारकाम मला धुक्यातूनही ओळखू येतं. खांबावर नुसता हात फिरवला, सांधा बोटाला लागला नाही.

आणि समोर, काउंटरमागच्या फळीवर, उंचावर, येशूची तसबीर. तिच्यापुढे लाल काचेत तेवणारा एक इवला दिवा. आणि त्या तसबिरीच्या बरोबर समोर, माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगलेली पितळी घंटा. तिला दोरी. दोरीला गाठ.

देव आहे, दिवा आहे, देवासमोर घंटा आहे. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

मी बूट काढले. मोज्यांवर चार पावलं पुढे गेलो, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि मनोभावे घंटा वाजवली. देव कोणाचाही असो, त्याला आल्याची वर्दी द्यायची ही आपली रीत.

आणि मग जो जयघोष उठला, तो आमच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवातसुद्धा उठला नव्हता. माणसं उभी राहिली. हातातले पेले उंचावले. एका लाल दाढीच्या धिप्पाड गृहस्थाने येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत म्हणाला, "देव तुमचं भलं करो, साहेब."

"तुमचंही करो," मी गहिवरून म्हणालो.

काय ही श्रद्धा, मनात आलं. आमच्या मंदिरात घंटा वाजली तर लोक मोबाइलवरून मान वर करत नाहीत. इथे घंटेच्या एका नादाला अख्खी सभा उभी राहते! काउंटरमागची बाई लगबगीने पेले भरू लागली. म्हटलं, असेल त्यांच्यात दर्शनानंतरचा काही उपचार.

लाल दाढीवाल्याने मला शेकोटीपाशी बसवलं. माझे बूट कोणीतरी उचलून आगीजवळ सुकायला ठेवले. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती चार-पाच वादक गोल करून बसले होते. मंच नाही, माइक नाही. एकाच्या हाती फिडल, एकाची बासरी, एका बाईच्या मांडीवर डफासारखं चामड्याचं वाद्य. एकाने सूर धरला, दुसऱ्याने उचलला, तिसरा येऊन मिळाला. कोणी कोणाच्या पुढे जाईना. अहो, हे तर भजन! तेच चक्राकार बसणं, तीच फिरून फिरून येणारी चाल, तोच हळूहळू चढत जाणारा ठेका.

माझा हात पिशवीत कधी गेला, मला कळलं नाही. टाळ बाहेर आले. पहिल्या आवर्तनाला नुसतं बोटांनी, दुसऱ्याला हलकेच, आणि तिसऱ्याला डफवाल्या बाईने माझ्याकडे बघून मान हलवली तसे मोकळ्या हाताने. शेवटी ठेका असा चढला की मला माझे गुडघे आठवेनात.

संपलं. आणि भजन संपल्यावर आपण काय करतो?

बरोबर. मी उठलो आणि पुन्हा घंटा वाजवली.

या वेळचा जयघोष पहिल्याच्या दुप्पट. एक म्हातारी उठून माझ्या गालाचा मुका घेऊन गेली. लाल दाढीवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही संत आहात, बाबा."

"छे, छे," मी कानाला हात लावला. "त्यांच्या पायरीवरचा दगड झालो तरी पुरे."

तो गंभीर झाला. म्हणाला, त्याची आई मायदेशी आजारी आहे, उद्या शस्त्रक्रिया आहे, तिच्यासाठी जमलं तर दोन शब्द बोला. इतका मोठा माणूस, आणि डोळ्यांत लेकराचं पाणी. मी त्याला हात धरून उठवलं, तसबिरीपुढे नेलं, पांडुरंगाला आणि येशूला एकत्रच साकडं घातलं, आणि त्या माउलीच्या नावाने तिसऱ्यांदा घंटा वाजवली. जोरात. साता समुद्रापार पोहोचायला हवी होती ना.

यावर तर कोणी टोपी उडवली, कोणी टेबलं बडवली.

नेमकं याच वेळी, उरलेलं बर्फ उपसून, मागचं दार उघडून मुक्ता आणि ब्रेंडन आत आले. तिने काय पाहिलं असेल? आजोबा मोज्यांवर उभे, हातात टाळ, डोळ्यांत कृतार्थतेचे अश्रू, आणि भोवती भरलेले पेले उंचावून माझा जयघोष करणारा समुदाय.

"आजोबा, तुम्ही काय केलंत?"

"घंटा वाजवली."

ब्रेंडनने कपाळावर हात मारला. मुक्ता खालच्या आवाजात म्हणाली, "हाऊ मेनी टाइम्स?"

"तीनदा. विषम संख्या शुभ असते."

तिने माझा आसवांनी पुन्हा धूसर झालेला चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि घंटेखालच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. पाटी चांगली ठसठशीत होती. तिचा आशय असा, की जो ही घंटा वाजवेल, तो उपस्थित सर्वांना एकेक पेला पाजेल.

पायाखालची फरशी सरकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. इथे तर फरशीही नव्हती, लाकूड होतं. माझी माळ मला गळ्यात जड झाली. हे सगळे पेले माझे? ही सभा घंटेच्या नादाला नव्हे, तर फुकटच्या दारूला उभी राहिली होती? आणि मी हात जोडून तो जयघोष स्वीकारत होतो?

एवढ्यात स्वयंपाकघरातून काठी टेकत एक उंच वृद्ध गृहस्थ आले. हेच मार्टिन. हातात चहाची किटली. मुक्ताने सांगितल्यावरून माझ्यासाठी त्यांनी चहा स्वतः केला होता, वेगळ्या स्वच्छ भांड्यात, आणि सोबत बिनकांद्याचं बटाट्याचं सूप. नातसुनेच्या आजोबांना मांसाचा वास लागू नये म्हणून सकाळपासून दुसऱ्या कोणाला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं म्हणे.

मी माळ हातात धरली. "मार्टिनसाहेब, ही गळ्यात असताना मी दारूला शिवत नाही. आणि आज याच हाताने..." आदल्या दिवशी तयार केलेले शब्द तर सगळेच पळाले.

त्यांनी माळेकडे पाहिलं. मग आपल्या कोटाची कॉलर उलटून दाखवली. तिथे एक लहानशी पिन होती. "लहानपणी चर्चमध्ये शपथ घेतली," ते म्हणाले. "आजवर एक थेंब नाही."

"पण हे दुकान तुमचं आहे!"

"वडिलांचं. तिकडे आयर्लंडला, आमच्या गावी, एका बाजूला पीठ, चहा, खिळे, आणि दुसऱ्या बाजूला हा काउंटर. कोणी गेलं तर तिरडीची व्यवस्थाही इथूनच. माणसांना बसायला जागा हवी असते. पेला हे निमित्त." मग दाराजवळच्या इवल्या खोलीकडे काठी दाखवून म्हणाले, "ते स्नग. माझ्या आजीच्या काळी बायकांना पुरुषांत बसता येत नसे. ही खोली त्यांच्यासाठी, आतून कडी, आणि काउंटरकडे उघडणारी एक खिडकी. कोण आत आहे, कोणी विचारायचं नाही. हे सगळं लाकूड वडिलांनी तिथून उतरवून जहाजातून इथे आणलं."

मला माझा देव्हारा आठवला. मीही तो भारतातून येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणला होता, आणि कस्टमच्या माणसाने उघडला तेव्हा माझे प्राण कंठाशी आले होते. या माणसाच्या वडिलांनी अख्खी वास्तू आणली होती.

मी पाकीट काढलं. मार्टिननी हात धरला, पण लाल दाढीवाला मधे पडला. "नाही मार्टिन. घंटेची रीत मोडायची नाही. वाजवणाऱ्यानेच द्यायचं."

"रीत मला शिकवू नकोस," मार्टिन म्हणाले. "घरच्या माणसाने वाजवली तर खर्च घराचा. ही पण रीतच." मग ते माझ्याकडे वळले. "तेव्हा प्रश्न एवढाच, की हे गृहस्थ घरचे आहेत की पाहुणे?"

फिडलवाल्याने गज खाली ठेवला. मुक्ता माझ्याकडे पाहत नव्हती. ती जमिनीकडे पाहत होती. ब्रेंडन तिच्याकडे. मला तिचं लहानपण आठवलं, देवापुढे साखर ठेवून डोळे मिटायची आणि एक डोळा किलकिला करून बघायची की देव खातोय का.

"घरचा," मी म्हणालो. "आमच्यात याला व्याही म्हणतात. हा शब्द शिकून घ्या."

मुक्ता माझ्या गळ्यात पडली. लाल दाढीवाल्याने "व्याही" असा जो घोष केला, तो अगदी निर्दोष उच्चाराचा होता.

त्या क्षणी मला विशाल हृदयाचा साक्षात्कार झाला, असं मी मंडळात सांगत असतो. तुम्ही घरचे आहात म्हणून खरं सांगतो. अर्धं हृदय विशाल झालं होतं. उरलेलं अर्धं पेल्यांच्या तीन फेऱ्यांचं बिल आणि निवृत्तिवेतन यांचा मेळ घालत होतं. पांडुरंगाने दोन्ही अर्धी एकाच शब्दात सांभाळली, याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. आणि त्याहून अधिक त्या माणसाचा, ज्याने अनोळखी म्हाताऱ्यासाठी भांडं वेगळं ठेवलं, आणि त्याची फजिती आपल्या घरात घेऊन झाकली. तसबिरीपुढची प्रार्थनाही फळली. त्या माउलीची शस्त्रक्रिया नीट झाली.

लग्न आमच्या मंदिरात झालं. मार्टिन नवा कोट घालून, कॉलरला पिन लावून आले. सभामंडपाच्या दारात घंटा दिसली तसे थबकले. दोन्ही हात पाठीमागे बांधले, आत भरलेल्या मंडपावरून नजर फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्याही, तुम्हीच वाजवा. एवढ्या लोकांचं मला झेपणार नाही."

"इथे वाजवणाऱ्याला काही द्यावं लागत नाही," मी म्हणालो. "पाजणारा आत बसलाय." तेव्हा कुठे त्यांनी वाजवली.

पुढे तीर्थाची रांग लागली, लांबच लांब. गुरुजी एकटेच. त्यांनी तीर्थाचं भांडं माझ्यापुढे केलं. "नाना, जरा वाटायला मदत करता का?"

मी हात पुढे केला, एवढ्यात मागून आमच्या हिचा आवाज आला. साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असा.

"द्या गुरुजी, त्यांनाच द्या. अख्ख्या पार्सिपनीत सगळ्यांना पाजण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही."