बीसीजीचा वण

जपानमधल्या इचिकावातल्या एका आरोग्य केंद्रात मी दुभाषी आहे. नियम एकच: समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा तोंड उघडायची इच्छा उरत नाही. नवरा विचारतो, "आज मौनव्रत वाटतं?" मी कुकर लावते.

त्या बाई नायजेरियाच्या. मुलगी वर्षाची व्हायला आली होती. इथे बीसीजी, म्हणजे टीबीची लस, वर्षाच्या आत द्यावी लागते, नंतर ती नेहमीच्या लसीकरणात बसत नाही. आधी दोनदा त्या लस न देताच परत गेल्या होत्या. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "घरी सावकाश विचार करा." हे इथलं सौजन्य. आग्रह करायचा नाही आणि कारणही विचारायचं नाही. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या वेळी बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे नर्स दारात येऊन ओरडते. पोर नकोय का तुला, म्हणते. आणि हे म्हणतात विचार करा. यांचाच या औषधावर विश्वास नसेल."

मला हसू आलं. लहानपणी पुण्यात आम्हालाही नर्सबाई ओरडायच्या आणि आम्ही मुकाट दंड पुढे करायचो.

केंद्रात मात्र सगळ्यांचं ठरून गेलं होतं. आफ्रिकेतली बाई आहे, फोनवर काहीतरी अफवा वाचली असणार. त्यामुळे तिसऱ्या खेपेला लसींबद्दलच्या गैरसमजांचं इंग्रजी पत्रक तयार होतं. बाईंनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

"हिच्या बाकीच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्यात. हे कुणी पाहिलं का?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाले, "मग सावकाश..."

मला कंटाळा आला होता. मी जपानीत म्हटलं, "डॉक्टर, त्यांना कारण विचाराल का?" ते दचकले. पण त्यांनी विचारलं.

बाईंनी ब्लाउजचा गळा खांद्यावरून खाली ओढला. दंडावर बीसीजीचा वण होता, बोराएवढा, फुगलेला, चकचकीत.

"हा एका सुईचा. माझ्या आईचा याहून मोठा आहे. तुम्ही इथे सुयांचा शिक्का दंडावर दोनदा दाबता, एकूण अठरा सुया. पाळणाघरातल्या पोरांचे दंड पाहिलेत मी. त्यांचे ठिपके सपाट असतात. माझ्या मुलीकडे शाळेत तसंही सगळे वळून बघणार. वर अठरा गाठी देऊ तिला?"

मी हे सगळं जपानीत सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला, वण नीट पाहिला. मग बाळाला उघडं करून अंग तपासलं. आधीच्या इंजेक्शनांच्या जागा पाहिल्या, गुडघ्यावरचं जुनं खरचटलेलं पाहिलं.

"बाळाच्या अंगावर असा वण असता तर मी बीसीजी दिली नसती. तसा नाही. आईला आहे एवढ्यावरून नाकारायचं कारण नाही. पण होणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

"आणि नाही दिली तर?"

"लहान मुलांत टीबी मेंदूपर्यंत जाऊ शकतो. इथे ते क्वचित होतं."

"आमच्याकडे क्वचित नाही. नाताळात हिला आजीकडे नेणार आहे."

"मग मी देईन," डॉक्टर म्हणाले. स्वतःचं मत त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं.

बाई बाळाच्या दंडावरून अंगठा फिरवत राहिल्या. "आता कसं माणसासारखं बोलला. द्या."

मी फक्त "द्या" एवढंच सांगितलं.

पोरीनं केंद्र डोक्यावर घेतलं. टोचलेली जागा आपोआप वाळू द्यायची असते, म्हणून बाई तिचा दंड हवेत धरून बसल्या. घामाघूम झाल्या होत्या.

"फुगतो की नाही, कधी कळेल?"

डॉक्टरांना विचारून मी सांगितलं, "काही महिने लागतील."

"फुगला तर ओरडायला तुमच्याकडेच येणार, मॅडम. यांच्यावर ओरडून काही उपयोग नाही."

"या," मी म्हटलं.

पुढचा नंबर पुकारला होता. त्या उठल्या नाहीत. दंड अजून पुरता वाळला नव्हता.