गवताचं छप्पर

दिवेआगरची आमची पोफळीची वाडी चक्रीवादळात आडवी झाली आणि पुढे वडिलांनी ती विकून टाकली. घेणाऱ्याला तिथे बिअरचा कारखाना काढायचा होता. मी आर्किटेक्ट, जागाही ओळखीची, म्हणून आराखड्याचं काम त्याने मलाच दिलं. "रस्त्यावरून कारखाना दिसताच कामा नये," एवढीच त्याची अट होती. नकाशावर आमच्या पोफळींच्या जागी रेघा मारताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

इमारत मागच्या टेकडीच्या उतारात अर्धी रुतवली, भिंती जांभ्याच्या केल्या, छपरावर माती पसरून गवत लावलं. पावसाळा सरल्यावर वडिलांना दाखवायला नेलं. टेकडीवरून उतरता उतरता ते थांबले आणि म्हणाले, "बांधलंयस कुठे?"

"तुम्ही छपरावरच उभे आहात, बाबा."

त्यांनी पायाने गवत दाबून पाहिलं. "आणि आपली विहीर?"

"आहे. खाली, टाक्यांच्या खोलीला लागून. बिअरला तिचंच पाणी घेतात."

"गोड आहे पाणी," ते म्हणाले.

मग आम्ही दोघं नुसते समुद्राकडे बघत राहिलो. त्यांचा हात धरावा असं मनात आलं, पण माझे हात खिशातच राहिले. थोड्या वेळाने त्यांना ऊन लागायला लागलं, तसे आम्ही गाडीकडे निघालो.