दोन झटके

"ओढू नको. नाटक करून राहिला तो. ढिवराचं पोट्टं पाण्यात मरते का बे?"

मालक तलावाच्या पाळीवर छत्री धरून उभे होते. सोबतचे पाहुणे हसले. मीही हसलो. हे आजवर लिहायची हिंमत झाली नाही.

अड्याळजवळचं आमचं गाव. आणीबाणीच्या आधीचं साल. धान निसवत होतं आणि तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं भोक, गाळानं बुजलं होतं. बुडी मारून ते मोकळं करणं आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांकडेच. मजुरी नाही. मान म्हणे. माझा मोठा भाऊ, दादा, उतरला. कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. आमच्यात ठरलेलं: दोन झटके आले की ओढायचं. कोणाला विचारायचं नाही.

दोन झटके आले. मी मालकांकडे पाहिलं.

मग पाणी भस्सकन सुटलं. दोर ताठ झाला. वर काढला तेव्हा दादा गेला होता.

मायनं विचारलं, "दोर हालला होता का रे?"

"नाही, माय."

तेव्हापासून ते स्वप्न. दुपारी बाजेवर डोळा लागला तरी. हातात दोर, दोन झटके, आणि हात हलत नाही. ओरडत उठायचो. धोतर ओलं. लोक म्हणाले, भाऊच झोंबला. ताईत बांधले. मेलेल्या दादावर आळ आला, मी येऊ दिला.

फार उशिरा ध्यानात आलं. स्वप्नात दादा कधी दिसतच नाही. दिसते ती छत्री. तिथंही मी मालकांकडेच पाहत असतो.

काही वर्षांनी तुडूम पुन्हा बुजलं. चुलतभाऊ उतरणार होता. मालकांनी दोर माझ्या अंगावर फेकला. "धर बे. तुले अनुभव आहे."

मी दोर खाली टाकला. "नाही धरत. त्या दिवशी झटके आले होते, मालक. दोन. तुम्ही ओढू नको म्हणाले."

चुलतभावानं कमरेची गाठ सोडली.

तसाच घरी गेलो, मायला सांगितलं. ती जाळं विणत होती.

"मंग ओढलं काहून नाही?"

"मालकाले भेलो."

तिचे हात थांबले नाहीत. पुढं मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

स्वप्न अजून पडते. अजून घाम फुटतो. पण आता झटके आले की मी पाळीकडे पाहत नाही, ओढतो. आणि आमच्यातला कोणी त्या भोकात उतरत नाही. पाणी पाहिजे असेल, तर मालकांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधावा. मी धरतो.

दोन झटके आले तर ओढीन. कोणाला विचारणार नाही.