धोतरावरचा तांबेरा

काल फाटकाची गंजलेली कडी काढताना बोटांना तांबूस भुकटी लागली आणि मामांचं ते धोतर आठवलं.

तेव्हा मी औरंगाबादजवळ गव्हाच्या चाचणी प्लॉटवर नोकरीला होते. कोणतं वाण रोगापुढं टिकतं ते बघायला आम्ही पिकावर मुद्दाम तांबेरा, म्हणजे वाऱ्यानं पसरणारी केशरी भुकटीसारखी बुरशी, सोडायचो. एकदा लासूर स्टेशनहून मामा भेटायला आले, ते बांध सोडून थेट त्या गव्हातून. पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत केशरी झालेलं! आणि घरी त्यांचा गहू ऐन निसवणीत, ओंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या.

"मामा, आधी धोतर सोडा!"

"इथं? येडी झालीस का गं?"

"हा तांबेरा आहे. असेच घरी गेलात तर सगळा गहू जाईल."

मामांचं हसू मावळलं. शेडमध्ये जाऊन त्यांनी गड्याचा पायजमा चढवला. मी बाहेर चूल पेटवून धोतर उकळत्या पाण्यात बुडवलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

तेवढ्यात चुलीचा धूर वळला. वारं लासूरकडं सुटलं होतं. आम्ही दोघं नुसते त्या धुराकडं बघत राहिलो.

कालची भुकटी लोखंडाची होती, ठाऊक आहे मला. तरी बोटं झटकण्याआधी मी वारा कुठला आहे ते पाहिलंच.