एका काडीवरचे धडे

आधी तीन तारखा नोंदवतो, म्हणजे पुढे कुणाची वाट चुकायला नको. दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा शनिवार : या दिवशी माझे मित्र अब्दुल मजीद सर यांनी मुलांसाठी तयार केलेले आपले सारे ध्वनिमुद्रित धडे, आणि ते जिथे ठेवले होते त्या संकेतस्थळाचा पासवर्ड, जिल्ह्याच्या डिजिटल शिक्षण कक्षाच्या स्वाधीन केले. उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडण्याच्या आदला दिवस : या दिवशी ते संकेतस्थळ कोणतीही सूचना न देता बंद करण्यात आले. पहिल्या घटक चाचणीचा सोमवार : या दिवशी सकाळी मजीद सर गेले. जबाबदार म्हणून मी तिघांना धरतो. एक, कक्षाचे समन्वयक, जे सरांचेच विद्यार्थी. दोन, आमच्या अर्जांना उत्तर देणे हे ज्यांचे काम होते ते शिक्षण कार्यालय. तीन, मी स्वतः. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले आहे, त्याला माझी हरकत नाही. मृत्यूचा आरोप मी कुणावर करीत नाही. माझा आरोप विश्वासघाताचा आहे, आणि तो मृत्यूच्या आधीच पूर्ण झालेला होता.

समन्वयकांचे नाव मी लिहीत नाही. अलिबागच्या न्यायालयात कारकुनीत माझी हयात गेली. बदनामीचा दावा कसा उभा राहतो हे मी पुरेसे पाहिले आहे. ते स्वतःला ओळखतील.

त्या सोमवारी भाभींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. "भाऊ, लगेच या. हे उठेनात." बोर्ली पंचतनात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक सुपारीची वाडी आणि एक दगडी गडगा, इतकेच अंतर. मी पोचलो तेव्हा डॉक्टर परत निघाले होते. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दफन झाले. मी तीन मुठी माती दिली आणि बाजूला झालो, तेव्हा डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत उभे असलेले समन्वयक मला दिसले. डोळे पुसत होते. ते खोटे पुसत होते असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्याकडे नाही. त्याच संध्याकाळी कक्षाच्या पोर्टलवर सरांचे हार घातलेले छायाचित्र आले, खाली मजकूर : 'डिजिटल शिक्षणाचे शिल्पकार'. सरांच्या घरात छायाचित्रांना हार घालत नाहीत, एवढे विचारून घेण्याचीही कुणाला गरज वाटली नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती : 'सरांचे धडे पाहण्यासाठी येथे लॉगिन करा.' मी केले. सगळे धडे पाहिले. एकाही धड्यात सरांचा आवाज नव्हता.

त्यांची माझी ओळख माझ्या निवृत्तीनंतरची. एके दिवशी हे गृहस्थ स्कूटर लावून पडवीत आले आणि खुर्ची ओढून बसले. "वकीलसाहेब, एक अर्ज लिहून पायजे. आमच्या शाळेच्या वाडीवर मोबाईलची रेंज न्हाय, टॉवरसाठी." मी वकील नाही, कोर्टात कारकून होतो, असे मी स्पष्ट केले. "मग तर बरंच झालं," ते म्हणाले, "वकील असता तर तुम्हाला ऐकून घ्यायला जमलं नसतं." टॉवर आला नाही. पण त्यानंतर त्यांनी मला वकीलसाहेब म्हणणे सोडले नाही, आणि मी त्यांचे अर्ज लिहिणे सोडले नाही.

बोर्लीहून म्हसळ्याकडे जाताना आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची शाळा होती. साथीमुळे शाळा बंद होत्या त्या काळात वरून रोज दुवे येत : हे ॲप उतरवून घ्या, हा व्हिडिओ मुलांना दाखवा, ही चाचणी ऑनलाइन घ्या. इतर शिक्षक ते दुवे पालकांच्या गटावर पुढे ढकलत आणि काम झाले असे कळवत. मजीद सर प्रत्येक दुवा घेऊन स्वतः शेवटच्या वाडीपर्यंत चालत जात, तिथे उभे राहून तो उघडतो का ते पाहत, आणि घड्याळ लावून किती वेळात उघडतो ते वहीत लिहीत. बहुतेक दुवे उघडतच नसत. त्यातून त्यांची ती यादी तयार झाली. फोनच्या कोपऱ्यात रेंज दाखवणाऱ्या ज्या उभ्या रेघा असतात, त्यांना आमच्याकडे काड्या म्हणतात. सरांनी यादीचे तीन भाग केले : एका काडीवर चालणारे, दोन काड्यांवर चालणारे, तीन काड्यांवर चालणारे. तीन काड्यांत व्हिडिओ आणि विज्ञानाचे हलते प्रयोग. दोन काड्यांत चित्रे, नकाशे, आणि मूल चुकले तर नेमका कोणता धडा पुन्हा ऐकायचा ते सांगणाऱ्या चाचण्या. पाठ्यपुस्तकाची अख्खी पीडीएफ वाडीत उतरत नसे, म्हणून तिची पाने सुटी करून तीही त्यांनी आपल्या संकेतस्थळाच्या पानावर ठेवलेली. आणि एका काडीसाठी कुणीच काही तयार केलेले नव्हते, म्हणून ते त्यांनी स्वतः तयार केले : दोन-दोन मिनिटांचे, फक्त आवाजाचे धडे.

ते धडे ते कपड्यांच्या कपाटात डोके घालून मुद्रित करीत. कापडात आवाज घुमत नाही, हे त्यांना कुठल्याशा शिक्षकांच्या गटावर कळले होते. भाभी म्हणत, "पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, आता माझ्या साड्यांना शिकवतात." पण भरती-ओहोटीचा धडा त्यांनी खाडीच्या पायरीवर बसून केला. तो मला जवळजवळ पाठ आहे. "आज पानी दुपारी बाराला तिसऱ्या पायरीला लागलं. उद्या किती वाजता लागेल? मी सांगनार न्हाय. घरात कोन होडीवर जातं त्याला विचारा, मग उद्या येऊन बघा, मग धडा पुढे ऐका." धडा ऐकायला दोन मिनिटे आणि शिकायला दोन दिवस. अपूर्णांकांसाठी सुपारी होती, घनतेसाठी मिठाचे पाणी आणि अंडे. बोलणे वाडीतले, हाय-न्हाय-व्हयचे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे थांबवले नाही. उलट म्हसळ्यापर्यंतच्या शाळांतले शिक्षक त्यांच्याकडे येऊ लागले आणि सर त्यांना प्रत्येक साधन हाताने वापरून दाखवू लागले. पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या शेडमध्ये, रेशन दुकानाच्या दारावर त्यांनी चौकोनी कोड चिकटवले. फोन समोर धरला की त्या पानावरची धड्यांची यादी उघडे.

आणि मग समन्वयक आले. मिठाईचा पुडा घेऊन आले, सरांच्या पाया पडले, भाभींच्या हातचे घावन खाल्ले. मी तिथेच होतो. "सर, तुमचं काम एवढ्याशा भागात अडकलंय. आपल्या पोर्टलवर घेऊ, सगळ्या जिल्ह्याला मिळेल." सर इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले. "घे रे, घे. पण एका काडीवाल्याला इसरू नकोस." "सर, मी पण तिथलाच ना," समन्वयक म्हणाले. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे आणि कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगण्यास तयार आहे.

आता माझा भाग. संमतिपत्र लिहायला सर माझ्याकडे आले. म्हणाले, "वकीलसाहेब, त्यात एक ओळ टाका. जुनं पान बंद करू नये, आनि धडे एका काडीवर चालले पायजेत." मी हसलो. मी त्यांना म्हणालो, "मजीदभाई, आपल्या विद्यार्थ्याला पत्र देताय की कुळाला नोटीस?" ते म्हणाले, "तुम्हाला कायदा कलतो." मी पत्र लिहिले, आणि लिहिता लिहिता सवयीने शेवटी घातले : 'स्वखुशीने, विनाअट व कोणत्याही दबावाशिवाय'. कोर्टात बसून हे शब्द मी इतक्या प्रतिज्ञापत्रांवर लिहिले होते की ते न लिहिता कागद पुरा झाल्यासारखा मला वाटतच नसे. सरांनी वाचून पाहिले नाही. सही केली... माझ्यावर विश्वास होता म्हणून.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी सरांना फोनवर फोन येऊ लागले. कोड धरला की 'हे पान उपलब्ध नाही' एवढेच येत होते. पोर्टल उघडायला आधी एक भलेमोठे ॲप, मग फोनवर येणारा क्रमांक, मग विद्यार्थ्याची नोंदणी. वाडीतल्या एका काडीवर यातली पहिली पायरीही पार होत नाही, हे सरांनी त्याच दुपारी तिथे उभे राहून पाहिले. धडे होते, पण कुठल्यातरी स्टुडिओतल्या बाईंच्या आवाजात : 'भरती-ओहोटी ही चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे घडणारी नियतकालिक घटना होय.' खाली नाव कक्षाचे.

सरांनी माझ्या पडवीतून, आवाज मोठा ठेवून, समन्वयकांना फोन लावला.

"सर, दोन ठिकाणी एकच मजकूर ठेवता येत नाही, वरचं धोरण आहे."

"माझा आवाज कुठं गेला?"

"सर, भाषा प्रमाण हवी ना. ते हाय-न्हाय... वरून शेरा आला."

"तू दहावीपर्यंत माझ्या वर्गात न्हाय-न्हाय बोलायचास. पास झालास ना?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग, "सर, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." तो फोन आला नाही.

मूळ मुद्रणे सरांकडे नव्हती. फोन भरला की ते पानावर चढवून फोनमधून काढून टाकीत. सगळे त्या एका खात्यात होते, आणि खात्याचा पासवर्ड बदलला होता. आम्ही चार अर्ज केले. तीन अनुत्तरित राहिले. चौथ्याला दोन वाक्यांचे उत्तर आले : सदर साहित्य लेखकाने स्वखुशीने व विनाअट सुपूर्द केले असल्याने या कार्यालयास कारवाई करण्याचे प्रयोजन नाही. माझेच शब्द मला परत आले. सरांनी कागद वाचला, घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवला. 

जाण्याच्या दोन दिवस आधी ते मला एसटीच्या शेडमध्ये दिसले. बादली, ओले फडके आणि घरातले उलथणे घेऊन भिंतीवरचा आपला कोड खरवडत होते. "हे काय, मजीदभाई?" "साफसफाई," ते म्हणाले. "पोर येतं, फोन धरतं, काय उघडत न्हाय. त्याला वाटतं आपलाच फोन खराब हाय. घरी जाऊन बापाचा मार खातं." गिरणीवरचा सकाळीच काढून झाला होता. मी उलथणे मागितले, त्यांनी दिले नाही. "तुमचा हात कागदाला बरा," म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्याविषयी आलेले हे सगळ्यात कडवट वाक्य, आणि तेही हसून.

मागच्या आठवड्यात आतल्या गावातून एक बाई भाभींना भेटायला आली. भाताची कापणी टाकून आली होती. पदरातून तिने एक जुना फोन काढला, काच तडकलेली, मागचे झाकण दोऱ्याने बांधलेले. "सरांचे चार धडे हायत यात. पोरीनं तवाच उतरवून ठेवलेले. ती नवीन बाई बोलते ते तिला कलत न्हाय, हेच लावून बसते." तिने एक लावला. मजीद सरांचा आवाज त्या खोलीत भरून राहिला. मधेच ते थांबतात, "थांबा रे, कावला वरडतो, तो जाऊ दे," आणि कावळा जाईपर्यंत खरोखर थांबतात... भाभींनी तो धडा चारदा लावायला सांगितला. पाचव्यांदा फोन बंद पडला. बाई म्हणाली, "बॅटरी फुगलीय वहिनी, कधी चालतो, कधी न्हाय." दुरुस्तीसाठी ठेवून घेतलेला तो फोन आता माझ्या टेबलावर आहे. दुरुस्त करणाऱ्याने तो पुन्हा चालू होण्याची हमी दिलेली नाही. बाकीचे धडे आणखी कुणाकुणाच्या फोनमध्ये असतील, आणि ते फोन किती दिवस चालतील, हे मला माहीत नाही.

म्हणून समन्वयक महोदय, मी आपल्याला जाहीरपणे विचारतो. सरांच्या आवाजातील मूळ मुद्रणे आज आपल्या कक्षाकडे आहेत की नष्ट केली? ते पान बंद करण्याचा आदेश कोणी दिला, आणि त्यावर सही कोणाची आहे? ते पान, सरांच्या नावासह, एका काडीवर उघडेल असे आपण पुन्हा केव्हा सुरू करणार? पत्र माझे होते आणि त्यातल्या चुकीची जबाबदारी मी इथे, छापील अक्षरांत, घेतलेली आहे. आता आपली पाळी. उत्तर माझ्या घरी पाठवू नका. बंद लिफाफ्यातले आपल्या कार्यालयाचे उत्तर मी एकदा वाचले आहे. हे ज्या वर्तमानपत्रात छापून येत आहे त्याच्या याच पुरवणीत, आपल्या नावाने, आपल्या सहीने द्या.