बाल्कनीतले दोन भाऊ

सुरेखाबाईंना जर्मन येत नव्हतं, पण उत्तरेकडच्या एका राजघराण्याची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. कोण कुणाची सून, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं पोर कुणाच्या कडेवर जातं, सगळं. एवढी माहिती त्यांना स्वतःच्या मावसदिरांचीही नसेल. देशाचं नाव विचारलंत तर मात्र बाई गप्प. "थंडीतला कुठलासा आहे," म्हणायच्या, "बायका बारा महिने कोट घालतात."

ही विद्या त्यांना मिळाली खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ एबर्लेंकडून. थोरला मुलगा सत्यजित जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनिअर. उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर सुरेखाबाई आणि आत्मारामराव कऱ्हाडहून त्याच्याकडे यायचे. तीन महिने करायचं काय? मुलगा ऑफिसात, सून मीनल ऑफिसात, नात ईप्सिता शाळेत. नातीला आजीचं मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, म्हणजे निम्मा संवाद देवाच्या भरवशावर. एबर्लेबाई एकट्या राहायच्या. वाचून झालेली राजेराण्यांची साप्ताहिकं त्या रद्दीत न टाकता जिन्यात सुरेखाबाईंच्या हातात द्यायच्या. एकीने फोटोवर बोट ठेवायचं, दुसरीने डोळे मोठे करायचे, झाल्या गप्पा.

खरी नावं वाचता येत नव्हती म्हणून सुरेखाबाईंनी आपली ठेवली. म्हातारा राजा म्हणजे मामंजी. त्याचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. त्यांच्या बायका थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. राजाचा वाढदिवस असो, कुणाचं बारसं असो, नाहीतर त्यांचा झेंडावंदनाचा दिवस असो, सगळं घर राजवाड्याच्या बाल्कनीत येऊन उभं राहायचं आणि खाली लोक झेंडे हलवायचे. सुरेखाबाई चष्मा पुसून आधी बघायच्या, कोण कुठे उभं आहे. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. मध्ये पोरं भरलेली. दोघी जावांच्या मध्ये कुणी तरी आत्याबाई. लग्नातले ग्रूप फोटो जन्मभर पाहिलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"घरोघरी मातीच्या चुली," त्या नवऱ्याला सांगायच्या. "ह्यांच्याकडे सोन्याच्या असतील, पण धूर तोच."

आत्मारामराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला मुळातच कमी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. समोरचा चेहरा त्यांना दिसत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. माणूस ओळखायचं झालं की ते कावळ्यासारखी मान तिरपी करून बघायचे. पुढे कडाही जाणार, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. विमा कंपनी ह्या वयाला आता पुन्हा उभं करणार नव्हती, त्यामुळे जर्मनीची ही वारी शेवटची. आणि ह्याच उन्हाळ्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं.

"काय हवंय तुम्हाला?" सुरेखाबाईंनी विचारलं होतं. शाल, घड्याळ, असं काही तरी त्यांच्या मनात होतं.

"दोघं शेजारी उभे दिसले तर बघावं म्हणतो," आत्मारामराव म्हणाले. "दिसतंय तोवर."

दोघं म्हणजे सत्यजित आणि मल्हार. धाकटा मल्हार म्युनिकला असायचा. दोन भावांमध्ये पाचेक तासांचं जाणं-येणं आणि सहा वर्षांचा अबोला.

अबोला सुरू झाला मल्हारच्या लग्नात. मुलगी, तनया, म्युनिकलाच वाढलेली, त्यामुळे जेवणानंतरची भाषणं जर्मनमध्ये होती. थोरला भाऊ म्हणून सत्यजित उठला. दोन घोट पोटात, आणि माईक हातात. तो काही तरी बोलला आणि सगळा हॉल खदखदून हसला. मल्हारचा चेहरा पडलेला सुरेखाबाईंना दिसला नाही. लोक हसले म्हणून त्याही हसल्या. मुलगा एवढी सफाईने परकी भाषा बोलतो ह्याचंच कौतुक त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. सत्यजित काय बोलला ते त्यांना आठवड्याने कळलं: "आमच्या मल्हारने पीएचडी अर्धी सोडली, आधीची नोकरी अर्धी सोडली. लग्न तरी पूर्ण करेल अशी आशा करू या."

लग्न दोन वर्षांत मोडलं. त्यानंतर मल्हारने भावाचा नंबर काढून टाकला. थट्टेला पाय फुटले आणि ती घरात शिरली, आता तिला बाहेर कोण काढणार? सत्यजितला माफी मागणं माहीत नव्हतं. "जोक होता, आई," एवढंच तो दर वेळी म्हणायचा. मल्हार आईला मात्र दर रविवारी फोन करायचा, पण भावाचं नाव निघालं की म्हणायचा, "ठेवू का आता?"

जुलै लागला आणि एबर्लेबाईंनी नवा अंक आणून दिला. सुरेखाबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि त्या जिन्यातच बसल्या. बाल्कनीत मामंजी मधोमध, आणि त्यांच्या दोन बाजूंना नाही, तर एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून थोरला आणि धाकटा. धाकट्याचा हात थोरल्याच्या खांद्यावर. दोघेही हसताहेत, आणि तेही मनापासून.

वर मोठ्ठ्या पिवळ्या अक्षरात एक शब्द होता. एबर्लेबाईंनी त्यावर बोट फिरवून तो वाचून दाखवला: "एंडलिश." आणि छातीवर हात ठेवून मोठा नि:श्वास सोडला. त्या नि:श्वासावरून सुरेखाबाईंना अर्थ लागला. एकदाचं झालं.

बाईंचे डोळे भरून आले. हसण्यासारखं आहे, कबूल. ज्यांचा देश ठाऊक नाही त्यांच्या भाऊबंदकीसाठी कऱ्हाडच्या बाईने रडावं? पण त्या काही राजपुत्रांसाठी रडत नव्हत्या. एवढ्या मोठ्या घरात, एवढे पेपरवाले मागे लागलेले असताना जर जुळतं, तर आपल्याकडे का जुळू नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांनी तो अंक कपाटात साड्यांखाली ठेवला.

रविवारी मल्हारचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी अंक फोनसमोर धरला.

"हे काय, आई?"

"हे बघ. दहा वर्षं बोलत नव्हते हे दोघं. बापासाठी आले एकत्र."

अंक खाली केला तर मल्हारचा चेहरा वळलेला होता.

"अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आहे रे," त्या म्हणाल्या. "एक दिवसाचा प्रश्न. त्याच्याशी नको बोलूस. फक्त शेजारी उभा राहा. त्यांना दिसतंय तोवर."

"आई, त्या दिवशी सगळे हसले त्याचं मला काही नाही," मल्हार म्हणाला. "तू पण हसलीस."

"मला कळलं नव्हतं रे, काय बोलला ते."

"माहितीये मला. तरी तेच दिसतं डोळ्यांसमोर."

सुरेखाबाईंनी अंक मिटून मांडीवर ठेवला. मग तो म्हणाला, "बघतो."

आता आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय, हे सांगायला हवं का? मुलीकडचे 'बघतो' म्हणाले की दुसरं स्थळ शोधायला लागायचं, साहेब 'बघतो' म्हणाला की बदली विसरायची. सुरेखाबाईंनी स्वतः आयुष्यात शंभर जणांना 'बघते' म्हणून वाटेला लावलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी फोन ठेवला आणि नवऱ्याला जाऊन सांगितलं, "मल्हार येतोय."

समारंभासाठी सत्यजितने चर्चचा हॉल भाड्याने घेतला. स्टुटगार्टच्या मराठी मंडळातली माणसं आली, गुरुजी आले, मीनलने दोन दिवस खपून पुरण केलं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, तर हॉलच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथल्या देखरेखवाल्याने, उघड्या ज्योतीला सक्त मनाई केली, म्हणून ताटांत सेलवरचे दिवे मांडले. आत्मारामराव नव्या धोतरात पाटावर बसले होते. दाराशी कुणीही आलं की मान तिरपी करायचे.

"तो आहे का?"

"अजून नाही. येईल."

सुरेखाबाईंनी सत्यजितच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लावली होती. सत्यजितने ती पाहिली आणि तशीच राहू दिली. उलट एक पाहुणा तिथे बसायला आला तेव्हा त्यानेच त्याला दुसरीकडे बसवलं. ते पाहून सुरेखाबाईंना वाटलं, ह्यालाही हवं आहे. आणि खरंच असावं.

ओवाळून झालं, आणि सुरेखाबाईंच्या फोनवर मल्हारचा निरोप आला: "जमत नाहीये. अण्णांना नमस्कार सांग." मीनलने तो वाचून दाखवला. ग्रूप फोटोची वेळ झाली होती. सगळे रांगेत उभे राहिले. मीनल व्यवहारी बाई. ती फोटोग्राफरला म्हणाली, "सत्यजितच्या बाजूला एका माणसाची जागा सोडा."

दहा दिवसांनी फ्रेम आली. मीनलने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बघा आई, कसा झालाय. मंडळातल्या एकीने करून दिला."

मधोमध आत्मारामराव आणि सुरेखाबाई. उजवीकडे मीनल आणि ईप्सिता. डावीकडे सत्यजित, आणि त्याला खेटून मल्हार, जरीच्या अंगरख्यात, हसताना. सत्यजितच्या खांद्यामागे त्याचा हात गेलाय असं वाटावं, इतकं बेमालूम काम होतं. सुरेखाबाई बघत राहिल्या. त्यांना आवडला तो फोटो, खोटं कशाला बोला. खूप आवडला. त्यांनी धावत जाऊन साड्यांखालचा अंक काढला आणि फ्रेमशेजारी उभा केला. इकडे दोन भाऊ, तिकडे दोन भाऊ.

ईप्सिता शाळेतून आली, दप्तर टाकून दोन्हींकडे बघू लागली. मग म्हणाली, "आख सो. आउख आइने फोटोमोंटाझ."

आउख म्हणजे 'पण', एवढं सुरेखाबाईंना येत होतं. एबर्लेबाई 'मी पण एकटीच' असं खुणेने सांगताना तो शब्द वापरायच्या.

"हा पण? हा पण म्हणजे काय गं? मराठीत सांग."

ईप्सिताने अंकाच्या मुखपृष्ठावर, अगदी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढी अक्षरं होती. तिने कष्टाने शब्द जुळवले. "आजी, इथे लिहिलंय. हे दोन फोटो आहेत. चिकटवलेले. हे दोघं असे... उभे नव्हते."

"आणि हे वरचं? एंडलिश?"

"त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे ना."

होतंच. पिवळं, बारीक, राजपुत्राच्या केसांत अडकलेलं. सुरेखाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण प्रश्नचिन्ह काय निराळं असतं? त्यांनी ते पाहिलं नव्हतं, कारण त्यांना पाहायचं नव्हतं.

"आई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता," मीनल म्हणाली. "आपला तरी छान झालाय की. मी सकाळीच ग्रूपवर टाकलाय. सगळ्यांना आवडला." कुटुंबाच्या ग्रूपवर खरोखरच अभिनंदनाचा पाऊस पडत होता. कऱ्हाडच्या नणंदेने लिहिलं होतं, भाग्यवान आहात वहिनी, दोन्ही मुलं हाताशी.

संध्याकाळी मल्हारचा निरोप आला, फक्त आईला. मराठीत होता, त्यामुळे तो त्यांना स्वतःलाच वाचावा लागला. "आई, हा त्या रात्रीचा फोटो आहे. भाषणाच्या आधीचा. दुसरा नव्हता का तुमच्याकडे?"

नव्हता. त्यानंतर मल्हारचा हसतानाचा एकही फोटो ह्या घरात कुणाकडे नव्हता. सुरेखाबाईंनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'माझं चुकलं' असं लिहून पाठवलं. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही. सत्यजितला दाखवलं तर तो फोन परत देत म्हणाला, "मी काय करू सांग." त्यालाही खरंच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी एबर्लेबाई निरोप घ्यायला वर आल्या, कारण मंगळवारी विमान होतं. हातात नवे अंक. भिंतीवरची फ्रेम बघून त्या थांबल्या, दोन बोटं उभी केली, दोन मुलगे, आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "एंडलिश."

"या," सुरेखाबाई म्हणाल्या, म्हणजे जर्मनमधलं हो. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई गेल्यावर त्या फ्रेमजवळ गेल्या आणि खालचा कोपरा नीट बघितला. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. राजाच्या घरी निदान कोपऱ्यात तरी लिहितात, त्यांच्या मनात आलं.

आत्मारामराव काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मान तिरपी केली आणि फोटोकडे खूप वेळ बघितलं, आधी एका कडेने, मग दुसऱ्या.

"अंगरखा लग्नातला आहे," ते म्हणाले.

"अहो..."

"असू दे. गुंडाळून घे साड्यांत, काच फुटायची." मग खुर्ची चाचपून बसत त्यांनी विचारलं, "आज रविवार ना? त्याचा फोन नाही आला?"

"नाही आला."

"तू केला होतास?"

"काल केला होता," सुरेखाबाई म्हणाल्या. "आम्ही जातोय, विमानतळावर भेटून जा म्हटलं."

"मग? काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

आत्मारामरावांनी मान हलवली. सुरेखाबाई फ्रेम काढायला स्टुलावर चढल्या.