दर मंगळवारी नंदा काजलच्या घरी जायची

माझी बायको नंदा लोकांचं ऐकून ऐकून दमली होती. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ती गेली.

तुमच्यातले बरेच जण तिचे विद्यार्थी आहात. तुमच्यासाठी ती मॅडम. सांगलीच्या कॉलेजात तिनं जन्मभर counselling शिकवलं. आघातातून माणूस सावरतो कसा, आणि वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांशी बोलायचं कसं, हे तिचे विषय.

वर्गात जतकडची कानडी बोलणारी पोरं असायची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली असायची, सांगली-साताऱ्याची शहरी असायची.

"पुस्तकातलं culture अमेरिकेतलं आहे," ती म्हणायची. "आपलं तुमच्या शेजारच्या बाकावर बसलंय. आधी त्याच्याशी बोला."

मी विज्ञानाचा मास्तर. कराडच्या हायस्कूलमधून रिटायर झालो. देव, भूत, अंगात येणं, काही मानत नाही. घरात यावरून वाद व्हायचे, पण जेवणाआधी मिटायचे.

एक मात्र मिटला नाही. तो काजलचा.

काजल तिची एम.ए.ची विद्यार्थिनी. आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरची. भावाच्या मोटरसायकलवरून कॉलेजला येताना ट्रकनं धडक दिली. भाऊ जागीच गेला. हिला खरचटलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली.

आणि थोड्या दिवसांनी दर मंगळवारी तिच्या अंगात देवी यायला लागली.

नंदा म्हणाली, "अहो, गाडी काढा. जाऊन येऊ."

पत्र्याचं घर, पुढं शेळ्या बांधलेल्या. अंगणात बायका जमलेल्या. मधे काजल, केस मोकळे, कपाळभर कुंकू, घुमत होती. एक म्हातारी तिला पाऊस कवा पडंल ते विचारत होती.

काजलची आई आमच्यापुढं आडवी उभी राहिली.

"आमच्या पोरीच्या तोंडून देवी बोलतीया. तुमी तिला येडी ठरवायला आलाय व्हय?"

"नाही हो," नंदा म्हणाली. "भेटायला आलेय. माझी विद्यार्थिनी आहे ती."

मग तिनं चप्पल काढली, आत गेली, काजलसमोर बसली आणि हात जोडले.

मला लाज वाटली. खरंच वाटली.

निघताना ती त्या आईला एवढंच म्हणाली, "मावशी, देवीला बोलू द्या. पण पोरीलाही बोलू द्या."

परतताना गाडीत मी भडकलो. "तू हात का जोडलेस?"

"त्यांच्या घरात गेले होते. बाहेर चप्पल काढली, तसेच आत हात जोडले."

"उद्या लोक म्हणतील प्रोफेसरबाई देवऋषी झाल्या."

"म्हणू देत. मला त्या घरात परत जायचंय."

लोक म्हणालेच. कुणीतरी फोटो काढला होता. तो आठवड्याभरात सगळ्या ग्रुपवर फिरला. कॉलेजकडे तक्रार गेली. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका अंधश्रद्धेला खतपाणी घालतात म्हणून.

तिला कॉलेजच्या counselling centre मधून काढलं. ते centre तिनंच उभं केलं होतं. एका खोलीपासून, स्वतः खुर्च्या गोळा करून.

घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आता मंगळवारी लवकर निघता येईल."

ती जात राहिली. कधी मी न्यायचो, कधी एसटीनं. जायची, काजलच्या आईसोबत भाकरी खायची, शेळ्यांपाशी काजलच्या शेजारी बसायची. काजल गप्प. ही पण गप्प.

एका दुपारी शेळ्यांना पाला टाकता टाकता काजल बोलली.

"मीच म्हणलं हुतं त्याला, गाडी जोरात घे. तुमच्या लेक्चरला उशीर होत हुता. तुमी दार लावून घेता."

तास सुरू झाला की नंदा खरंच वर्गाचं दार लावून घ्यायची. शिस्तीची होती.

हे तिनं मला त्याच संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

मी विचारलं, "मग तू काय बोललीस?"

"काहीच नाही. इतकी वर्षं पोरांना शिकवलं अशा वेळी काय बोलायचं ते. मला एक शब्द सुचला नाही. आम्ही दोघी रडलो, बस."

त्यानंतर तिनं वर्गाचं दार कधी लावलं नाही. आणि त्यानंतरच ती दमायला लागली, असं मला वाटतं. आजार त्याच्यानंतरचा.

काजल हळूहळू बोलती झाली. कॉलेजला परत आली, पास झाली. आता तिकडच्याच एका शाळेत मुलांशी बोलायचं काम करते.

अंगात येणं थांबलं का? कमी झालं. थांबलं नाही. मला ते अजूनही पटलेलं नाही, आणि नंदाला मी ते शेवटपर्यंत सांगत होतो.

"नका पटवून घेऊ," ती म्हणायची. "पोरगी जेवतेय, झोपतेय. मला तेवढं पुरे."

नंतर कॉलेजनं तिला centre परत देऊ केलं. ती नको म्हणाली. भांडून नाही, रागानं नाही. "आता त्राण नाही हो माझ्यात."

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये एक तरुण counsellor तिच्याकडे आली. नवीन होती, घाबरलेली. विचारलं, "मॅडम, मनात काय येतंय तुमच्या?"

नंदा हसली. "काही नाही गं. बस थोडा वेळ. नुसती बस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तिला चहा सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गेलं वर्षभर तुम्ही येताय, फोन करताय. मॅडमनी मला वाचवलं म्हणून सांगताय. मी ऐकून घेतो. मला त्यातलं शास्त्र येत नाही.

मी आत्मा मानत नाही. त्यामुळे आत्म्यास शांती वगैरे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

पण या पोस्टखाली तुमच्यापैकी कुणी लिहिलंत, तर मी ते खोडणार नाही.